गाडी वडिलांच्या नावावर, मुलगा पुण्यात: वाहनविम्याविषयी वाचकांचे प्रश्न

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले, वसतिगृहातली खोली किंवा कॉट बेसिसवरची जागा ठरली, की घरची दुचाकी मुलांच्या मागोमाग शहरात जाते. या महिन्याच्या टपालात अशा दुचाक्यांच्या विम्याविषयीची पत्रे इतकी आली आहेत की सदराची सगळी जागा त्यांनाच देत आहोत. पत्रलेखकांची नावे गाळली असून काही पत्रांचा मजकूर आटोपशीर केला आहे.

प्रश्न: माझ्या नावावरची १२५ सीसीची मोटारसायकल मुलाने अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला नेली आहे. गाडीचे पासिंग एमएच-१० आहे. मुलगा १९ वर्षांचा असून त्याच्याकडे गिअरच्या गाडीचा पक्का परवाना आहे. पुण्यात गाडी नेल्यावर क्रमांक बदलावा लागतो का? विमा कंपनीला कळवावे लागते का? आणि विमा माझ्या नावावर असताना मुलाकडून अपघात झाला तर पैसे मिळतील का?
— एक पालक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर: पहिल्या दोन शंका लगेच मिटण्याजोग्या आहेत. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यात कितीही वर्षे राहिली तरी तिचा क्रमांक बदलावा लागत नाही. आरसीवर पत्ता असतो तो मालकाचा, आणि आपण तासगावातच राहत असल्याने तोही बदलण्याचे कारण नाही. विम्याच्या दरांसाठी देशाचे दोन भाग मानले जातात. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे एका भागात येतात आणि उरलेला सगळा देश दुसऱ्या भागात. मात्र गाडी कोणत्या भागात धरायची हे तिची नोंदणी कोणत्या आरटीओत झाली यावरून ठरते, त्यामुळे सांगली पासिंगची गाडी पुण्यात फिरते म्हणून हप्ता वाढत नाही. कंपनीला मुद्दाम कळवण्याचीही गरज नाही. फक्त नूतनीकरणाचे संदेश ज्या मोबाइलवर येतात तो क्रमांक आपला आहे की एजंटाचा, एवढे एकदा पाहून घ्यावे.

तिसऱ्या शंकेत तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी आहेत. मुलाच्या गाडीखाली दुसरे कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर थर्ड पार्टी विम्यातून त्या व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला भरपाई मिळते. गाडी मालक चालवत होता की त्याचा मुलगा, याने तिथे फरक पडत नाही. परदेशात कित्येक ठिकाणी गाडी कोणकोण चालवणार त्यांची नावे पॉलिसीवर घालावी लागतात आणि तरुण चालकासाठी हप्ता वाढतो. आपल्याकडची पॉलिसी गाडीशी जोडलेली असते आणि त्या प्रकारच्या गाडीचा वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने ती चालवू शकते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचेही तसेच आहे. ज्याला बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात ती पॅकेज पॉलिसी चालू असेल, तर मुलगा चालवत असताना मोडलेल्या गाडीचा खर्च मिळतो.

अडचण आहे ती स्वतः मुलाची. आपल्या पॉलिसीच्या कागदावर १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची ओळ असेल. २०१८ सालापासून ही रक्कम सर्व वाहनांसाठी १५ लाख करण्यात आली आहे आणि ती पाहून घरोघरी असा समज होतो की गाडी चालवणाऱ्याचा १५ लाखांचा विमा आपोआप उतरला. प्रत्यक्षात हे संरक्षण ‘मालक-चालका’चे आहे. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे, पॉलिसी ज्याच्या नावावर आहे आणि वैध परवानाही ज्याच्याकडे आहे, अशा एकाच व्यक्तीला ते लागू होते. आपल्या बाबतीत ती व्यक्ती म्हणजे आपण. थर्ड पार्टी म्हणून मुलाला आपल्याच गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येईल, असेही नाही. दुसऱ्याची गाडी चालवायला घेणारा माणूस त्या गाडीपुरता मालकाच्या जागी उभा असतो, तो तिऱ्हाईत नव्हे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा प्रकरणात घेतली आणि २०२० साली रामखिलाडी प्रकरणातही तोच धागा कायम ठेवला. अर्थात चूक समोरच्या वाहनाची असेल तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागण्याचा मुलाचा हक्क शाबूत आहे. पण खड्डा चुकवताना गाडी घसरली किंवा पावसात दुभाजकावर आदळली, तर समोर कोणी नसतेच.

यावर माझ्या मते सरळ उपाय असा की मुलाच्या स्वतःच्या नावाने वैयक्तिक अपघात विम्याची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. ती त्याला लागू होते, मग तो आपल्या गाडीवर असो, मित्राच्या गाडीवर असो की पीएमपीच्या बसमध्ये. बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही १८ वर्षे पूर्ण झाल्यावर घेता येते. रक्कम मोठी नाही, पण न घेण्याचे कारणही नाही. दुसरा मार्ग गाडी मुलाच्या नावावर करण्याचा. तसे केल्यास १५ लाखांचे संरक्षण त्याला मिळू शकते, मात्र गाडीवरून उद्भवणारी सगळी जबाबदारीही मालक म्हणून त्याच्यावर येते, शिवाय आपण साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडे जात नाही. वैयक्तिक अपघात विम्यातून सहसा दवाखान्याचे बिल भागत नाही, मुख्यतः मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठीच तो असतो. म्हणून घराची आरोग्य पॉलिसी असेल तर तीत मुलाचे नाव आजही आहे ना, हेही तपासावे. मुलांना अमुक वयानंतर पालकांच्या पॉलिसीतून बाहेर काढण्याची अट बऱ्याच पॉलिसींत असते.

प्रश्न: २०२२ च्या दिवाळीत नवी स्कूटर घेतली तेव्हा विक्रेत्याने ‘पाच वर्षांचा विमा झाला, आता बघायला नको’ असे सांगितले होते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पुराचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर पूर्ण बुडाली. कंपनीने दावा नाकारला. पाच वर्षांचा विमा असताना हे कसे?
— एक विद्यार्थी, पुणे (मूळ गाव बार्शी)

उत्तर: विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घेणे सक्तीचे आहे. रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक दुचाक्या विम्याविना धावतात असे समोर आल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा नियम झाला. म्हणजे पाच वर्षे आहेत ती दुसऱ्याच्या नुकसानीची. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण त्याच कागदावर सहसा फक्त पहिल्या वर्षापुरते असते आणि पुढे ते दर वर्षी वेगळे घ्यावे लागते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘ओन डॅमेज’ आणि ‘लायबिलिटी’ अशा दोन मुदती शेजारीशेजारी छापलेल्या असतात. आपली पहिली मुदत २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास संपली असणार आणि पूर आला तेव्हा फक्त दुसरी चालू असणार. तसे असेल तर कंपनीचा नकार नियमाला धरून आहे.

ज्यांची ही मुदत चालू आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर, वादळ, दरड कोसळणे, आग, दंगल ही सगळी कारणे स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत येतात. वाद होतो तो इंजिनावरून. पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून कोणी किक किंवा सेल्फ मारतो, पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हे नुकसान पुराने झाले नसून गाडी चालू केल्याने झाले, असे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला आलेला माणूस, लिहितो. बुडालेली गाडी चालू न करता तिचे फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि ती टोचन करून गॅरेजला न्यावी. नदीकाठच्या किंवा तळघरात पार्किंग असलेल्या सोसायटीत राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणाचे जोडकलम घेतले तर ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. तळमजल्यावर पाणी शिरले की टायर, ट्यूब, बॅटरी आणि प्लास्टिकचे भाग हमखास खराब होतात आणि साध्या पॉलिसीत या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते, तेव्हा शून्य घसाऱ्याचे कलमही विचारून घ्यावे.

प्रश्न: मी वसतिगृहातल्या एका सीनिअरकडून ३८ हजारांना मोटारसायकल घेतली. त्याने सह्या केलेले फॉर्म, आरसी आणि थर्ड पार्टी विम्याची प्रत दिली आणि नोकरीसाठी तो बेंगळुरूला गेला. विम्याची मुदत अजून वर्षभर आहे. शिक्षण संपले की गाडी मीही विकणारच आहे, तर मधल्या काळात नावावर करून घेण्याचा खर्च खरेच आवश्यक आहे का?
— एक विद्यार्थी, पुणे (मूळ गाव नांदेड)

उत्तर: आवश्यक आहे, आणि तो आपल्यापेक्षाही आपल्या सीनिअरसाठी अधिक आवश्यक आहे. वसतिगृहांत एकच गाडी सह्यांच्या कोऱ्या फॉर्मांवर तीन-तीन बॅचच्या हातांतून जाते हे सर्वांना माहीत आहे. पण कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात नेमकी अशीच साखळी सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे विकली गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. उद्या विम्याची मुदत संपली, आपल्याकडून नूतनीकरण राहिले आणि अपघात घडला, तर बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या त्या तरुणाला पुण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येईल.

आपल्या बाजूने पाहिले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर तिचा विमाही खरेदीदाराकडे गेला असे मानले जाते, त्यामुळे आज अपघात झाला तर तिऱ्हाईताला भरपाई मिळण्यात अडचण येऊ नये. मात्र हे मानणे थर्ड पार्टीपुरतेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे. गाडी चोरीला गेली, जळाली, मोडली किंवा आपण स्वतः जायबंदी झालात, तर दुसऱ्याच्या नावावरच्या पॉलिसीतून आपल्या हाती काही लागणार नाही. आपल्याकडे तर पॉलिसीच थर्ड पार्टीची आहे, म्हणजे गाडीच्या चोरीचा प्रश्न पॉलिसी नावावर करूनही सुटत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागेल आणि ते देण्याआधी कंपनी गाडीची पाहणी करील.

करायचे ते असे. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरणाचा अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर करता येतो. गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवावे असा नियम आहे, पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी विमा कंपनीकडे १४ दिवसांत जावे लागते. मुदत टळली असली तरी दंड भरून काम होते. अर्जाआधी आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा आहे का ते जरूर पाहावे. तो असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आणल्याशिवाय हस्तांतरण होत नाही, आणि ते पत्र सीनिअरलाच मिळवावे लागेल. तो फोन उचलतो आहे तोवर हे उरकून घ्यावे. ई-चलनांची थकबाकीही त्याच वेळी तपासावी. ३८ हजारांच्या गाडीवर पाच-सात हजारांची चलने निघाल्याची उदाहरणे पुण्यात दुर्मीळ नाहीत.

प्रश्न: मुलगा १७ वर्षांचा असून नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहतो. क्लास, अभ्यासिका आणि मेस यांत अंतर असल्याने स्कूटर मागतो आहे. ‘गाडी तुमच्या नावावर, विमा फुल, मग काळजी कशाची’ असे एजंट म्हणतात. पाठवू का?
— एक पालक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर: पाठवू नका. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, पण शोरूममध्ये आज दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. म्हणजे आपला मुलगा विनापरवाना गाडी चालवणार आणि परवान्याविना ‘फुल’ विमाही निकामी. गाडीचे नुकसान कंपनी देणार नाही. कोणी जखमी झाले तर न्यायालये साधारणपणे कंपनीला भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून, म्हणजे आपल्याकडून, वसूल करण्याची मुभा देतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाकडून वाहन चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या मोटारीने झालेल्या अपघातानंतर या कलमाची चर्चा राज्यभर झाली, तरी क्लासेसच्या गावांत संध्याकाळी रस्त्यावर उभे राहिले तर तिचा परिणाम दिसत नाही.

काही पालक कमी वेगाच्या बॅटरी स्कूटरबद्दल विचारतात. मोटारची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या, तशी मान्यता मिळालेल्या गाडीला नोंदणी, परवाना आणि विमा यांपैकी काही लागत नाही हे खरे आहे. मात्र तिचा वेगाचा लॉक काढून दिला गेला की ती कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तेही बिननोंदणीचे, बिनविम्याचे. घ्यायचीच असेल तर मान्यतेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे आणि लॉकला हात लावू देऊ नये. नाहीतर लातुरात सायकल पुरेशी आहे.

प्रश्न: माझ्या स्कूटरवर वसतिगृहातल्या मैत्रिणी मागे बसतात, कधी त्या एकट्याही घेऊन जातात. माझा विमा थर्ड पार्टीचा आहे. मागे बसलेल्या मैत्रिणीला लागले तर?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर (मूळ गाव चिपळूण)

उत्तर: हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, म्हणून विशेष आभार. मागे बसलेली मैत्रीण ही तिऱ्हाईतच, तेव्हा तिला थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळणारच, असे कोणालाही वाटेल. परंतु केवळ कायद्याने सक्तीच्या असलेल्या पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसणाऱ्याचे संरक्षण येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंह प्रकरणात दिला. पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणारा समाविष्ट असतो. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात तसे बजावले आणि बाळकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही पॅकेज आणि सक्तीची पॉलिसी यांतला हा भेद मान्य केला. म्हणजे आपल्याकडे आज जी पॉलिसी आहे तीत मैत्रिणीच्या दवाखान्याचा आणि भरपाईचा भार आपल्यावर, खरे तर आपल्या आई-वडिलांवर, येऊ शकतो. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकात ७१४ रुपये अधिक जीएसटी असा होता. पॅकेजला त्याहून काही शे रुपये जास्त पडतात. एवढ्यासाठी थर्ड पार्टीवर थांबणे मला पटत नाही.

मैत्रीण एकटी गाडी नेत असेल तर तिचा परवाना एकदा डोळ्यांनी पाहा. शिकाऊ परवाना असेल तर शिकवणारी परवानाधारक व्यक्ती सोबत आणि गाडीला ‘एल’ची पाटी, या अटी पाळल्या गेल्या तरच तो विम्यासाठी चालतो. एकटीने शिकाऊ परवान्यावर महाद्वार रोड गाठणे त्यात बसत नाही. आणि तिने गाडी आपटली, दावा मंजूर झाला, तरी नो क्लेम बोनस आपलाच जातो. किरकोळ ओरखड्यांचा खर्च दोघींनी वाटून घेतलेला बरा. तीन जणी बसण्याबद्दल आपण काही लिहिलेले नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

प्रश्न: संध्याकाळी सहा ते अकरा मी खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करतो. गाडी घरची, पांढऱ्या पाटीची आहे. विम्याला बाधा येते का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: येऊ शकते. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली भाड्याने वापर आणि वैयक्तिक सामानाखेरीज अन्य मालाची वाहतूक या गोष्टी वगळलेल्या असतात. डबा पोहोचवताना गाडीचे नुकसान झाले तर कंपनी या कलमावर बोट ठेवू शकते. ज्यांच्यासाठी काम करता त्यांच्याकडे अपघात विमा असतो, पण तो बहुधा अ‍ॅपवर लॉग-इन असतानाच्या वेळेपुरता असतो आणि गाडीच्या दुरुस्तीचा नसतो. त्यांच्याकडून पॉलिसीची प्रत मागा, आणि आपल्या विमा कंपनीला या वापराबद्दल ईमेलने लेखी विचारून ते उत्तर जपून ठेवा. एजंटाच्या ‘काही होत नाही’ या आश्वासनाला दाव्याच्या वेळी किंमत नसते.

प्रश्न: मुलाची मोटारसायकल छत्रपती संभाजीनगरला मेसच्या बाहेरून चोरीला गेली. गाडी माझ्या नावावर, पॉलिसी पॅकेज. फिर्याद त्याच रात्री दिली, पण विमा कंपनीला दहा दिवसांनी कळवले. दुसरी किल्ली घरात सापडत नाही. उशीर आणि किल्ली या दोन कारणांवरून दावा फेटाळू, असे कंपनीचे पत्र आले आहे.
— एक वाचक, जळगाव

उत्तर: उशिराबाबत आपली बाजू चांगली आहे. चोरीची फिर्याद तातडीने दिली असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात ठरवले आहे. कंपनीला उत्तर देताना एफआयआरची तारीख आणि या निर्णयाचा उल्लेख करा.

किल्लीचे तेवढे सोपे नाही. मालकाने काळजी घेतली होती की किल्ली गाडीलाच लावून ठेवली होती, हे पाहण्यासाठी कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात. दुसरी किल्ली चोरीच्या आधीच हरवली असेल तर ती कधी आणि कशी हरवली, नवी करून घेतली होती का, हे प्रतिज्ञापत्रावर खरे तेच लिहा. बाजारातून जुळणारी किल्ली करून पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. किल्ल्या किती जुन्या आहेत आणि त्या याच कुलपाच्या आहेत का, याची तपासणी होते आणि मग सगळा दावाच खोटा ठरतो. मालकाच्या हातून काही कसूर झाली असे दिसले तरी पूर्ण नकार न देता ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची वाट न्यायालयांनी अनेक प्रकरणांत काढून दिली आहे.

रक्कम मिळेल ती पॉलिसीवर लिहिलेल्या गाडीच्या विमामूल्याइतकी, खरेदीच्या किमतीइतकी नव्हे. दोन वर्षे पूर्ण होऊन तिसरे चालू असेल तर विमामूल्य मूळ किमतीपेक्षा ३० टक्क्यांनी कमी धरलेले असते, चौथ्या वर्षात ४० टक्क्यांनी. पोलिसांचा तपास लागला नाही तर ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा, अहवाल न्यायालयात जातो आणि त्याची प्रत मिळेपर्यंत कंपनी पैसे देत नाही. यात काही महिने जातात, आणि त्यासाठी पोलीस ठाण्याच्या खेपा मुलालाच घालाव्या लागतील. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्यात त्यांचे कार्यालय आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यानंतरही खुला राहतो.

प्रश्न: मी सावंतवाडीची असून पणजीला पदव्युत्तर शिक्षण घेते. एमएच-०७ ची स्कूटर गोव्यात चालवण्यासाठी विमा वेगळा लागतो का? माझ्या भावाला नागपूरहून पुण्याला गाडी रेल्वेने पाठवायची आहे, तिचे वाटेत नुकसान झाले तर?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: विमा वेगळा लागत नाही, पॉलिसी भारतभर चालते. नोंदणीचा मात्र नियम आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी सिंधुदुर्गच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि गोव्याचा रस्ता कर लागेल, आणि नवा क्रमांक मिळाला की पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्यावी लागेल, नाहीतर दाव्याच्या वेळी गाडीचा आणि पॉलिसीचा क्रमांक जुळणार नाही.

रेल्वे, ट्रक किंवा लिफ्टमधून नेताना झालेले नुकसान स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत येते. भावाने गाडी पार्सल कार्यालयात देण्याआधी टाकी रिकामी करावी, आरसी आणि विम्याच्या प्रती जोडाव्यात आणि गाडीचे चारही बाजूंनी टिपलेले फोटो तारखेसह ठेवावेत. पुण्यात उतरवून घेताना आरसा, इंडिकेटर किंवा टाकीला काही झालेले दिसले तर गाडी ताब्यात घेण्याआधीच पार्सल कार्यालयात तशी लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. सर्व्हेअर पहिला कागद तोच मागतो.